कापसाच्या गाठींमधला स्टुडिओ

ध्वनिमुद्रणात आयुष्य घालवलेल्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात. कोणकोणते मोठे गवई पाहिलेत? खरं सांगितलं की ते हिरमुसतात. मी गवई पाहिले ते काचेतून. ओठ हलत ते काचेच्या त्या बाजूला, आणि आवाज येई माझ्या कानांवरच्या चकत्यांतून, तारेवरून फिरून. सुरुवातीला या दोन गोष्टी जुळतच नसत. समोर गाणारं माणूस एक आणि कानात गाणारं दुसरंच, असं वाटत राही. पुढे इतकी वर्षं हेच काम केलं, तरी ते वाटणं पुरतं गेलं नाही. अजूनही कुणी समोर बसून बोलू लागलं की मी त्याच्याकडे काचेतून पाहावं तसा पाहतो. घरचे म्हणतात, यांचे कान गेले. कान शाबूत आहेत.

अठ्ठेचाळीस साली मी ज्या स्टुडिओत बसू लागलो तिथे सगळं नीटस होतं. भिंतींना नमद्यासारखं जाड अस्तर, दोन पदरी तिरपी काच, कानावरच्या चकत्यांऐवजी भिंतीतला कर्णा, आणि आवाज किती चढला हे दाखवणारी नाचती सुई. पण हे काम मी शिकलो हिंगोलीला, एका जिनाच्या गोदामात. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. आमच्याकडे तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन-तीन हिवाळे बाकी होते.

मी मूळचा कळमनुरीचा. जिनात तेलाच्या इंजिनावर कामाला होतो. एका हिवाळ्यात पूर्ण्याकडून येणाऱ्या गाडीतून एक गोव्याचा गृहस्थ उतरला. सोबत बैलगाड्या भरतील एवढ्या लाकडी पेट्या. त्याचं नाव डिसोझासाहेब. एका रेकॉर्ड कंपनीचे ते मुद्रणकार. मोठ्या शहरांतले गवई कंपनीच्या स्टुडिओत जात, पण खेड्यातली, तांड्यावरची माणसं एवढ्या लांब जायला तयार नसत, म्हणून स्टुडिओच त्यांच्याकडे आला होता. साहेबांनी गावभर फिरून खोल्या पाहिल्या. प्रत्येक ठिकाणी मधोमध उभे राहून टाळी वाजवायचे आणि मान हलवून बाहेर पडायचे. आमच्या गोदामात त्यांनी टाळी वाजवली आणि तसेच उभे राहिले. तिन्ही बाजूंना छतापर्यंत रुईच्या गाठी रचलेल्या होत्या. टाळी वाजली आणि तिथेच विरली.

"इथे," ते म्हणाले.

बॅटऱ्या सांभाळायला माणूस हवा होता. मालकांनी मला दिलं. हंगाम संपेपर्यंत म्हणून दिलं होतं. मी परत इंजिनावर गेलोच नाही.

बाहेरच्या माणसाला हे काम कळावं म्हणून थोडं सांगतो. तेव्हा आवाज मेणावर कोरला जाई. ताटाएवढी, चांगली जाड मेणाची चकती, वरून आरशासारखी घासलेली. ती फिरवायला वीज नव्हती. आढ्याला टांगलेलं जड वजन दोरीने हळूहळू खाली येई आणि त्याच्या ओढीने चकती एका चालीने फिरे. वजन जमिनीला टेकायच्या आत गाणं संपलं पाहिजे. साधारण तीन मिनिटं. चुकलं तर खोडायची सोय नाही, चकती बाद. आणि बरोबर आलं तरी ऐकायचं नाही, कारण मेणावर सुई ठेवून ऐकलं की तेही बाद. चकत्या पेट्यांत भरून रेल्वेने कारखान्याला जायच्या, तिथे त्यांचा साचा घेत, आणि महिन्या-दोन महिन्यांनी नमुन्याची काळी तबकडी येई. तोवर आपण काय कोरलं हे फक्त कानात.

साहेब सांगत की त्यांच्या उमेदवारीत कंट्रोल रूम नावाची वस्तूच नव्हती. भिंतीतून एक भलामोठा कर्णा बाहेर आलेला असे. गवयाने त्यात तोंड घालून गायचं. वरचा सूर आला की साहेबांनी त्याला खांदे धरून मागे ओढायचं आणि खालचा आला की पुढे ढकलायचं. एका बुजुर्ग गवयाने या ढकलाढकलीपायी त्यांच्या श्रीमुखात दिली होती म्हणे. मग मायक्रोफोन आला. त्याबरोबर आवाज कमीजास्त करायचं बटण आलं. बटणापाशी माणूस बसवावा लागला, आणि त्या माणसाला गाणं तारेतून कसं येतंय एवढंच ऐकू यावं म्हणून त्याला वेगळ्या खोलीत घालावं लागलं. एवढाच या खोलीचा इतिहास. आधी मध्ये घोंगडी टांगायचे, मग दार आलं, मग काच.

आमची कंट्रोल रूम म्हणजे जिनातल्या काटेवाल्याची खोली. वजनं टिपून घ्यायला तिला गोदामाकडे एक खिडकी होतीच. तिला मी आतून दुसरी काच बसवली आणि दोन्ही काचांच्या फटीभोवती रुई ठासली. आत साहेबांची खुर्ची, बटण, चकती फिरवायचं यंत्र, आणि एका स्टुलावर मी. कानावरच्या चकत्यांच्या दोन जोड्या होत्या; एक त्यांना, एक मला. दुपारचं ऊन कौलांतून गाठींवर पडे, हवेत रुईची तुसं तरंगत, आणि त्या तुसांतून कुणीतरी माणूस आवाज न करता गाताना दिसे. चकत्या कानावर चढवल्या की तो आवाज एकदम येई, अगदी जवळून, जणू माझ्याच डोक्यात कुणी गातंय.

तऱ्हेतऱ्हेची माणसं आली. छावणीतले एक कव्वाल गाण्याआधी मायक्रोफोनला वाकून आदाब करत आणि त्याने उत्तर दिल्यासारखे क्षणभर थांबत. एक गोंधळी तीन मिनिटांत देवीला निरोप देईना; आवाहन होईस्तोवरच वजन जमिनीला टेके.

मग थावरीबाई आली. पुसेगावाकडच्या एका तांड्यावरची, पन्नाशीची, सोबत तिची नणंद. मनगटापासून दंडापर्यंत दोन्ही हातांत हाडाच्या पांढऱ्या चुड्या. ती उभी राहिली, गायला लागली, हात हलू लागले आणि माझ्या कानात चुड्यांचा असा खडखडाट झाला की मी दचकलो. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. मी साहेबांकडे पाहिलं. ते डोळे मिटून मान डोलवत होते. गाणं संपलं तेव्हा त्यांनी चकतीवर खडूने खूण केली. उत्तम.

दुसरी चकती लावली. पुन्हा तेच. शेवटी मी म्हणालो, "साहेब, चुड्या वाजतायत."

"कुठल्या चुड्या?"

मी काचेकडे बोट दाखवलं. त्यांनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग दोघी बायांना चहा द्यायला सांगून त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. खिशातलं घड्याळ काढून माझ्या कानाशी धरलं.

"चालतंय?"

"चालतंय."

त्यांनी ते आपल्या कानाशी नेलं, बराच वेळ धरलं आणि परत खिशात ठेवलं. दोन वर्षं झाली, ते म्हणाले, माझ्यासाठी हे बंद आहे. खालचे, मधले सूर त्यांना स्वच्छ ऐकू येत. पण वरचे, बारीक आवाज हळूहळू निघून गेले होते. आधी चिमण्या गेल्या, मग घड्याळ. पोटासाठी कान वापरणारा माणूस हे कुणाला सांगणार? त्यांनी माझा हात धरला नाही की विनवणी केली नाही. एवढंच म्हणाले, "नारायण, वरचं तू ऐक. खालचं मी सांभाळतो. आणि हे या खोलीबाहेर जायला नको."

मी शब्द दिला. तेव्हा मला वाटलं, मी एका थोर माणसाला हात देतोय.

थावरीबाईला चुड्या काढायला सांगितल्यावर ती रागावली नाही. म्हणाली, "नवरा जित्ता हाय माजा. काहून काढू?" मग मी रुईचे पेळू आणले आणि तिच्या नणंदेने एकेका चुडीच्या मध्ये ते भरले. तासभर गेला. दोन्ही हात उशीसारखे फुगले. थावरीबाई हसून नणंदेला काहीतरी बंजारीत म्हणाली. नणंदेने सांगितलं, ती म्हणते, मला गाठीत बांधून राहिले.

पण गाणं येईना. सुरुवात करी आणि दोन ओळींत अडखळे. तिसऱ्यांदा अडखळल्यावर ती म्हणाली, "हात मुका केला तुमी. आता गाणं कशावर चालंल?" तेव्हा मला उमजलं. तिच्या गाण्याला ढोलक नव्हतं, टाळ नव्हते. ज्या खडखडाटाला मी खराबी समजत होतो तोच तिचा ठेका होता. आता उरलं होतं ते किती वाजू द्यायचं, एवढंच. आणि ते ठरवायला ऐकू यावं लागतं.

साहेब खुर्चीवरून उठले. माझ्याकडे न बघता खुर्ची दाखवून म्हणाले, "बस."

मी दंडावरच्या चुड्या बांधलेल्याच ठेवल्या आणि मनगटाच्या मोकळ्या केल्या. मायक्रोफोन तिच्या डोक्यावर, दोरीने आढ्याला टांगला. आत येऊन बटणावर हात ठेवला. साहेब गोदामात जाऊन उभे राहिले होते; त्यांनी काचेपलीकडे हात वर केला, खाली केला. आवाज आला, आणि त्याच्या मागे, जरा दूर, चुड्या. तांड्याच्या मागे बैलांच्या गळ्यातलं काही वाजत यावं तशा. ती तीन मिनिटं मला पुढे कित्येकदा स्वप्नात ऐकू आली. ती तबकडी तांड्यांवर चालली. बाजाराच्या दिवशी लमाणी बाया पैसे घेऊन तबकड्या वाजवणाऱ्या फोनोवाल्याभोवती बसून ती पुन्हापुन्हा लावायला लावत, असं मला लोकांनी सांगितलं. मी अभिमानाने फुगून गेलो होतो, हेही लिहून टाकतो.

त्यानंतर वर्षभर मी साहेबांबरोबर गावोगाव फिरलो. खुर्चीवर ते, स्टुलावर मी. मी मांडीवर एक बोट उचललं की ते थांबवत, दोन उचलली की बटण खाली घेत. कुणाला कधी कळलं नाही. शब्द दिला होता म्हणून मी गप्प राहिलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तेवढंच नव्हतं. माझ्याशिवाय त्यांचं चालत नाही, हे मला आवडू लागलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही परत हिंगोलीला, त्याच गोदामात. जवळा बाजारच्या बाजूचे भुजंगआबा म्हणून एक म्हातारे शेतकरी होते. मोटेवरचं गाणं म्हणायचे. विहिरीतून चामड्याची मोट बैलांनी ओढायची, तेव्हा बैल उतारावर चालतील त्या चालीने माणूस गातो. मोट वर येऊन पाणी ओतलं की सूर सोडतो आणि बैलांना मागे आणतो. पंचक्रोशीत म्हणत की आबा गायला लागला की बैलाला ओझं कळत नाही. त्यांना आणलं, मायक्रोफोनपुढे उभं केलं, तर तोंडातून शब्द निघेना.

"बैल न्हाईत, दोर न्हाई. कुणाला म्हनू?" त्यांनी विचारलं.

मी एका गाठीला नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, बांधून त्यांच्या हातात दिला. त्यांनी ओढून पाहिला, आणि चेहराच बदलला. अंगाचा भार त्यावर टाकून ते हळूहळू मागे जाऊ लागले आणि गाऊ लागले. जाताना आवाज लांब जाई, येताना जवळ येई. काचेतून पाहताना मला समोर गोदाम दिसेना. उतार दिसला, ओली माती दिसली, न दिसणारे दोन बैल दिसले. साहेबांच्या ओठांवर हसू होतं. हा आवाज त्यांच्या हद्दीतला होता, खर्जातला. ही नुसती तालीम होती, मेणावर घ्यायचं दुसऱ्या दिवशी.

त्या संध्याकाळी कळमनुरीहून निरोप आला की वडिलांना झटका आला. मी साहेबांना म्हणालो, दोन दिवस काम थांबवा. ते म्हणाले, म्हातारा इतक्या लांबून आलाय, त्याला कसा ताटकळत ठेवू? आणि याच्या गाण्यात वरचं काही नाही, मी घेतो. मला बरोबर वाटलं. मी गेलो. वडील वाचले. परत आलो तोवर चार चकत्या पेटीत बंद होऊन गाडीवर चढल्या होत्या आणि आबा गावी गेले होते.

नमुन्याची तबकडी आली ती उन्हाळ्यात, हैदराबादला, कंपनीच्या कचेरीत. सोबत कारखान्याची चिठ्ठी होती : चारही चकत्यांवर शिट्टी, रद्द. साहेबांनी तबकडी लावली. ते ऐकत होते आणि मी त्यांच्याकडे पाहत होतो. आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरमधला एक व्हॉल्व्ह, दिव्यासारखी काचेची नळी, बिघडला असणार. आबांच्या आवाजावर पहिल्यापासून शेवटपर्यंत एक बारीक, सरळ शिट्टी, पत्र्यावर सुईने रेघ ओढावी तशी.

"आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

मी म्हणालो, पुन्हा घेऊ, आबांना पत्र टाकू. पत्राचं उत्तर त्यांच्या मुलाचं आलं. आबा गुढीपाडव्याच्या आधीच गेले होते.

दोन दिवस साहेब कचेरीत आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा टेबलावर कंपनीला लिहिलेलं पत्र होतं. त्यांनी ते मला वाचू दिलं. कानाबद्दल सगळं त्यात होतं, आणि खुर्चीसाठी माझं नाव होतं. मी म्हणालो, एवढं कशाला, दोष व्हॉल्व्हचा होता, तसं लिहू या.

ते म्हणाले, "व्हॉल्व्ह शिट्टी मारणारच. ती ऐकायला माणूस बसवतात."

पत्रात माझ्याबद्दल एक शब्दही वाईट नव्हता. मी वर्षभर बोट उचलून-उचलून जे झाकलं होतं, त्यापायी एका माणसाचा आवाज गेला होता, आणि हिशेब त्यांनी एकट्यानेच स्वतःच्या नावावर घेतला. मी पत्र घडी घालून परत दिलं.

मग त्यांनी हट्ट धरला की आबांच्या घरी जाऊन सांगायचं. मी सोबत गेलो. तबकडी त्यांनी बरोबर घेतली होती, दाखवायला, आणि हातात धरून नेता येईल असा एक फोनो. हिंगोलीपर्यंत रेल्वे, पुढे बैलगाडी. पोचलो तेव्हा तिसरा प्रहर होत आला होता. अंगणात लिंबाखाली बाज टाकलेली, तिच्यावर आबांची बायको गयाबाई बसलेली. मुलगा किसन आणि शेजारची चार-सहा माणसं जमली. साहेब बाजेवर बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी आपल्या गोव्याच्या मराठीत सांगितलं, की आबांचं गाणं आम्ही घेतलं, पण ते खराब झालं, आणि ते माझ्या कानामुळे झालं. मला बारीक आवाज ऐकू येत नाही, हे मी लपवलं होतं.

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. "मलाबी ठाऊक होतं," मी म्हणालो. ते पहिल्यांदाच कुणापुढे बोललो.

गयाबाईला यातलं बरंचसं ऐकूच गेलं नाही. म्हातारी कानांनी मंद झाली होती. किसनने तिच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हाय का त्यो इथं?"

"तबकडी हाय, माय. पण खराब हाय."

"लावा," ती म्हणाली.

मी फोनोला चावी दिली, सुई ठेवली. शिट्टी सुरू झाली तशी अंगणातल्या माणसांनी तोंडं वाकडी केली. किसनने कानाशी हात नेला. शिट्टीच्या खालून आबा गायला लागले. गयाबाई बाजेवरून उतरली, फोनोच्या पेटीजवळ जमिनीवर बसली आणि कान तिला लावून ऐकू लागली. थोड्या वेळाने तिचं अंग मागे जाऊ लागलं, बैल उतारावर जावेत तसं. डोळे मिटलेले होते.

"मोट भरून येऊन राहिली," ती म्हणाली. "आता वतंल."

आणि आबांनी सूर सोडला.

"साफ हाय की रे," ती किसनला म्हणाली. "काय खराब हाय म्हने?"

किसनने तोंड उघडलं. मी त्याच्या दंडाला हात लावला, तसं त्याने ते मिटलं. साहेब तेवढ्यात खाली बसले होते, गयाबाईच्या समोर, पेटीच्या दुसऱ्या बाजूला. त्यांनीही कान पुढे केला होता.

"मलाही साफच ऐकू येतंय, बाई," ते म्हणाले.

तिला ते कितपत कळलं देव जाणे. तिने मान हलवली आणि मला हाताने खूण केली, परत लावा. मी परत लावली. माणसं एकेक करून उठून गेली, किसन जनावरांकडे गेला. ऊन लिंबावरून भिंतीवर गेलं. ती दोघं तशीच समोरासमोर बसून राहिली आणि मी चावी देत राहिलो. किती वेळा लावली ते आठवत नाही. शिट्टी मला प्रत्येक वेळी ऐकू आली. त्या दोघांना एकदाही नाही.